नेटवर्क कार्ड दहा गिगाबिटचं, मग वेग सातवर का अडतो? बसचा वेग आणि रुंदी तपासण्याची रीत

नवं दहा गिगाबिटचं कार्ड बसवलं, केबल चांगल्या प्रतीची आहे, स्विचवर दहा गिगाबिटचा दिवा लागलाय, ऑपरेटिंग सिस्टिमही तेच सांगते. तरी डेटा पाठवायला घेतला की आकडा साडेसहा-सातच्या पुढे सरकत नाही. अशा वेळी बहुतेक जण आधी केबल बदलतात, मग ड्रायव्हर, मग स्विच. आणि कारण बरेचदा संगणकाच्या पेटीतच असतं: कार्ड आणि मेमरी यांना जोडणाऱ्या बसमध्ये, म्हणजे डेटा वाहून नेणाऱ्या वाटेत.

स्विचवरचा दिवा फक्त केबलच्या दोन टोकांमध्ये काय ठरलं तेवढंच सांगतो. कार्डात आलेला डेटा पुढे मेमरीपर्यंत किती वेगाने पोहोचेल, याची त्याला काहीच कल्पना नसते. तो दुसरा टप्पा आपल्यालाच तपासावा लागतो. जुनी यंत्रं नव्या नेटवर्कला जोडण्याचं काम मी बरंच केलं आहे, आणि माझा क्रम आता ठरलेला आहे: आधी कागदावर गणित, मग मदरबोर्डचं मॅन्युअल, मग प्रत्यक्ष लिंकची तपासणी, आणि शेवटी वेगाची चाचणी. केबलला हात लावायचा तो या चारही गोष्टी झाल्यावर.

हाताशी काय हवं

- मदरबोर्डचं मॅन्युअल, त्यातही स्लॉट आणि लेन (बसमधल्या डेटाच्या वाटा) वाटपाचं पान. खोक्यावरची जाहिरात चालणार नाही.
- नेटवर्क कार्डाचं तांत्रिक माहितीपत्रक. त्यात पीसीआय एक्सप्रेसची (आजच्या यंत्रांतल्या बसची) कोणती पिढी आणि किती लेन, हे लिहिलेलं असतं.
- लिनक्सवर एलएसपीसीआय (बसवरच्या कार्डांची माहिती देणारी आज्ञा) आणि ईथटूल (नेटवर्क पोर्टची माहिती देणारी), विंडोजवर पॉवरशेल (आज्ञा टाइप करण्याची सोय).
- आयपर्फ-३ (नेटवर्कचा वेग मोजणारं साधन), दोन्ही टोकांच्या यंत्रांवर. जमल्यास एकच आवृत्ती.
- दुसरं एक यंत्र, ज्याचा वेग आधी तपासलेला आहे. चाचणीत दोन्ही टोकं संशयित असतील तर निष्कर्ष काढता येत नाही.

## १. बिट आणि बाइट वेगळे करा

नेटवर्कचा वेग बिटमध्ये सांगतात, बसचा बहुधा बाइटमध्ये. ८ बिट म्हणजे १ बाइट. म्हणून १ गिगाबिट ईथरनेट म्हणजे सेकंदाला १२५ मेगाबाइट, अडीच गिगाबिट म्हणजे ३१२.५, दहा गिगाबिट म्हणजे १,२५० आणि पंचवीस गिगाबिट म्हणजे ३,१२५ मेगाबाइट. यापुढे या लेखात ‘मेगाबाइट’ म्हटलं की ‘सेकंदाला’ हे गृहीत धरा.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. ईथरनेट एकाच वेळी दोन्ही दिशांनी चालतं. दहा गिगाबिटचं कार्ड १,२५० मेगाबाइट पाठवतानाच तेवढंच घेऊही शकतं. त्यामुळे बसकडून मागणी किती, हे ठरवताना आधी बघायचं की ती बस दोन दिशांना वेगळी वाट देते, की दोघींना एकाच तारेवरून पाठवते. नव्या-जुन्या बसमधला सगळ्यात मोठा फरक हाच आहे.

## २. वेग गुणिले रुंदी: मूळ गणित

बसची रुंदी म्हणजे एका वेळी किती बिट जातात. वेग म्हणजे असं सेकंदाला किती वेळा घडतं. दोन्हींचा गुणाकार केला की कमाल क्षमता मिळते.

साध्या पीसीआयचं उदाहरण घ्या. ही बस १९९२ साली आली. रुंदी ३२ बिट, म्हणजे ४ बाइट, आणि घड्याळ ३३ मेगाहर्ट्झ. गुणाकार केला की सुमारे १३३ मेगाबाइट येतात. गिगाबिट ईथरनेटला एका दिशेने १२५ लागतात, म्हणजे कागदावर जेमतेम पुरलं. पण ही बस सामायिक आहे: येणारा डेटा, जाणारा डेटा, शेजारच्या स्लॉटमधलं डिस्क कंट्रोलर कार्ड, सगळे त्याच १३३ मेगाबाइटचे वाटेकरी. शिवाय प्रत्येक व्यवहाराआधी बस कोणाला द्यायची हे ठरवण्यात आणि पत्ता पाठवण्यात काही चक्रं जातात. म्हणून पीसीआयवरचं गिगाबिट कार्ड एका दिशेलाही पूर्ण वेग देत नाही, आणि दोन्ही दिशा एकदम चालवल्या तर दोघींना मिळून तेवढ्यातच भागवावं लागतं.

फाइल सर्व्हरवर ही अडचण दुपटीने जाणवते. डिस्कचं कार्ड आणि नेटवर्कचं कार्ड दोन्ही त्याच पीसीआयवर असतील, तर पाठवायचा प्रत्येक बाइट बसवरून दोनदा जातो: एकदा डिस्ककडून मेमरीत आणि मग मेमरीतून नेटवर्क कार्डाकडे. क्षमता तिथेच निम्मी झाली. जुन्या यंत्राचा घरगुती सर्व्हर करणाऱ्यांना चाळीस-पन्नास मेगाबाइटवर वेग अडकलेला दिसतो, त्याचं हे नेहमीचं कारण.

यावर दोन उपाय झाले, आणि ते गणिताच्या दोन अंकांशी थेट जुळतात. रुंदी ६४ बिट केली की २६६ मेगाबाइट. घड्याळही ६६ मेगाहर्ट्झ केलं की ५३३. पुढे सर्व्हरसाठी पीसीआय-एक्स आली, ६४ बिट आणि १३३ मेगाहर्ट्झ, म्हणजे १,०६६ मेगाबाइट. हे सुमारे साडेआठ गिगाबिट होतात. पीसीआय-एक्सवर बसणारी सुरुवातीची दहा गिगाबिट कार्डं म्हणूनच कितीही चांगली असली तरी दहाला पोहोचू शकत नव्हती.

इथे एक नावाचा सापळा आहे. पीसीआय-एक्स आणि पीसीआय एक्सप्रेस या दोन पूर्णपणे वेगळ्या बस आहेत. एकीचं कार्ड दुसरीच्या स्लॉटमध्ये बसत नाही. वापरलेली कार्डं विकणारे दोन्ही नावांची सर्रास सरमिसळ करतात. स्लॉटचा फोटो मॅन्युअलमधल्या चित्राशी ताडून बघा आणि मगच पैसे द्या.

## ३. पीसीआय एक्सप्रेस: रुंदी आता लेनमध्ये मोजायची

समांतर तारा वाढवत नेल्या की सगळ्या तारांवरचे बिट एकाच क्षणी पोहोचवणं अवघड होत जातं. पीसीआय एक्सप्रेसने ती वाटच सोडली. तिच्यात लेन असतात. प्रत्येक लेनमध्ये पाठवायला एक तारांची जोडी आणि घ्यायला दुसरी. त्यामुळे दोन्ही दिशांना पूर्ण वेग वेगळा मिळतो, आणि प्रत्येक कार्डाला स्वतःची जोडणी मिळते, शेजाऱ्याशी वाटून घ्यावी लागत नाही. रुंदी म्हणजे लेनची संख्या: एक्स-१, एक्स-४, एक्स-८, एक्स-१६. वेग म्हणजे पिढी.

एका लेनची एका दिशेची क्षमता अशी:

- पहिली पिढी: २५० मेगाबाइट
- दुसरी पिढी: ५०० मेगाबाइट
- तिसरी पिढी: सुमारे ९८५ मेगाबाइट
- चौथी पिढी: सुमारे १,९६९ मेगाबाइट
- पाचवी पिढी: सुमारे ३,९३८ मेगाबाइट

माहितीपत्रकात मात्र हे आकडे मेगाबाइटमध्ये दिसत नाहीत. तिथे २.५, ५, ८, १६, ३२ गिगाट्रान्सफर असं लिहिलेलं असतं, म्हणजे एका लेनच्या तारेवरून सेकंदाला तेवढे अब्ज बिट. पहिल्या दोन पिढ्यांमध्ये दर ८ बिटांसाठी तारेवर १० बिट जातात, म्हणजे २० टक्के तिथेच कमी होतात. तिसऱ्या पिढीपासून दर १२८ बिटांसाठी १३० बिट जातात, त्यामुळे ही गळती दोन टक्क्यांच्याही खाली आली. ५ वरून ८ गिगाट्रान्सफर म्हणजे दीडपटीहून थोडी जास्त वाढ, तरी उपयोगी वेग जवळजवळ दुप्पट झाला तो यामुळे.

वरचे आकडेही पूर्ण हाती येत नाहीत. बसवर डेटा तुकड्यांमध्ये जातो आणि प्रत्येक तुकड्याला शीर्षक, क्रमांक, तपासणीचे बिट असा मिळून २० ते २४ बाइटचा भार लागतो. एका तुकड्यात जास्तीत जास्त किती डेटा भरायचा, हे बायॉस आणि ऑपरेटिंग सिस्टिम ठरवतात. नेहमीची मर्यादा १२८ किंवा २५६ बाइट. २५६ असेल तर सुमारे ९१ टक्के क्षमता डेटासाठी उरते, १२८ असेल तर ८४ टक्के. त्यावर पोच देणारे संदेश आणि कार्डाच्या कामाच्या नोंदी आल्या. मी गणित करताना सरळ ८० टक्के धरतो. त्यात गरज बसली की निश्चिंत राहता येतं.

## ४. कार्डाची गरज मांडून बघा

आता दोन्ही बाजू शेजारी ठेवा. डावीकडे पोर्टची गरज, उजवीकडे बसची क्षमता. बसच्या दोन्ही दिशा वेगळ्या असल्यामुळे एकाच दिशेचा हिशोब पुरतो.

अडीच गिगाबिटला ३१२.५ मेगाबाइट लागतात. पहिल्या पिढीची एक लेन २५० देते, म्हणजे कमी. दुसऱ्या पिढीची एक लेन ५०० देते, म्हणजे आरामात पुरते. जुन्या मदरबोर्डवरचे छोटे एक्स-१ स्लॉट अनेकदा पहिल्या पिढीचेच असतात, त्यामुळे अडीच गिगाबिटचं कार्ड तिथे लावलं तर दीडशे-दोनशे मेगाबाइटपर्यंतच समाधान मानावं लागतं.

दहा गिगाबिटला १,२५० लागतात. दुसऱ्या पिढीचे एक्स-४ म्हणजे २,०००, ठीक. तिसऱ्या पिढीचे एक्स-२ म्हणजे १,९७०, ठीक. पहिल्या पिढीचे एक्स-४ म्हणजे १,०००, आणि तिसऱ्या पिढीचे एक्स-१ म्हणजे ९८५: दोन्ही अपुरे. सुरुवातीला सांगितलेला ‘सातवर अडलेला’ आकडा बहुतेक वेळा याच दोन जोड्यांमधून येतो. १,००० मेगाबाइट म्हणजे ८ गिगाबिट, त्यातून तुकड्यांचा भार वजा केला की साडेसहा ते सात उरतात.

दोन पोर्टचं दहा गिगाबिट कार्ड म्हणजे २,५००. इथे दुसऱ्या पिढीचे एक्स-४ पुरत नाहीत, एक्स-८ हवेत. एकाच पोर्टवर काम चालत असेल तर एक्स-४ मध्ये काहीही बिघडलेलं दिसणार नाही. दुसरं पोर्ट सुरू केलं की दोघांची बेरीज तेरा-चौदा गिगाबिटवर थांबेल. असा दोष महिनोन्महिने लपून राहतो, म्हणून चाचणी करताना सगळी पोर्टं एकदम चालवा.

पुढे, पंचवीस गिगाबिटच्या एका पोर्टला तिसऱ्या पिढीचे एक्स-४ काठोकाठ पुरतात, दोन पोर्टांना एक्स-८ लागतात. चाळीस गिगाबिटच्या एका पोर्टला तिसऱ्या पिढीचे एक्स-८ चालतात. दोन पोर्टांना १०,००० मेगाबाइट हवेत आणि एक्स-८ देतात ७,८८०. तरी अशी दोन पोर्टची एक्स-८ कार्डं बाजारात आली आणि खपली. त्यात फसवणूक नव्हती, कारण दुसरं पोर्ट मुख्यतः पहिलं बंद पडल्यास आधार म्हणून वापरायचं होतं. घेणाऱ्याने मात्र त्यावरून ऐंशी गिगाबिटची अपेक्षा धरू नये. शंभर गिगाबिटला १२,५०० लागतात, तिसऱ्या पिढीचे एक्स-१६ त्याला १५,७५० देतात. चारशे गिगाबिटसाठी पाचव्या पिढीच्या एक्स-१६ शिवाय गत्यंतर नाही.

## ५. पिढी आणि रुंदी: दोन्हींमध्ये कमी असेल तेच मिळतं

नवख्या माणसाला सगळ्यात जास्त गोंधळात टाकणारी पायरी ही आहे. इथे थोडं थांबा.

पीसीआय एक्सप्रेसचं कोणतंही कार्ड कोणत्याही पिढीच्या स्लॉटमध्ये चालतं. चालू होताना दोन्ही बाजू आपापसात बोलतात आणि दोन गोष्टी ठरवतात. पिढी ठरते ती दोघांतल्या जुन्याची. रुंदी ठरते ती दोघांतल्या अरुंदाची. या दोन गोष्टी स्वतंत्रपणे ठरतात, आणि एकीतली कमतरता दुसरीतून भरून निघत नाही.

उदाहरण घ्या. दुसऱ्या पिढीचं, एक्स-८ रुंदीचं, दोन पोर्टचं दहा गिगाबिट कार्ड. सर्व्हरमधून निघालेली अशी कार्डं स्वस्तात मिळतात आणि चांगली टिकतात. तुमच्याकडे तिसऱ्या पिढीचा स्लॉट आहे, आकाराने लांब पण आतून एक्स-४. तुम्ही हिशोब करता: तिसऱ्या पिढीचे चार लेन म्हणजे ३,९४० मेगाबाइट, गरज २,५००, म्हणजे झालं काम. पण कार्डाला तिसरी पिढी बोलताच येत नाही. ठरतं काय, तर दुसरी पिढी आणि चार लेन, म्हणजे २,०००. स्लॉटची जास्तीची ताकद वाया गेली आणि कार्डाचे चार लेनही रिकामे राहिले.

उलट बाजूही बघा. काही नवी दहा गिगाबिट कार्डं चौथ्या पिढीच्या एकाच लेनवर चालतात, कारण तेवढ्यात १,९६९ मिळतात. तेच कार्ड तिसऱ्या पिढीच्या एक्स-१ स्लॉटमध्ये गेलं की ९८५ वर येतं. कार्ड तेच, ड्रायव्हर तोच, दिवाही दहाचाच, आणि वेग एक तृतीयांशाने कमी.

म्हणून खरेदीआधी चार आकडे लिहून काढा: कार्डाची पिढी, कार्डाचे लेन, स्लॉटची पिढी, स्लॉटचे लेन. प्रत्येक जोडीतला लहान आकडा घ्या आणि गुणाकार करा.

## ६. स्लॉटचा आकार बघून लेन ठरवू नका

लांब एक्स-१६ स्लॉट दिसला म्हणजे आत सोळा लेन असतीलच असं नाही. बहुतेक मदरबोर्डवर दुसरा किंवा तिसरा लांब स्लॉट आतून एक्स-४ असतो, क्वचित एक्स-१ सुद्धा. मॅन्युअलमध्ये ‘एक्स-१६ आकार, एक्स-४ मोड’ अशा अर्थाची ओळ शोधा. स्लॉटमध्ये टॉर्च मारून बघितलं तर धातूचे संपर्क कुठपर्यंत आहेत त्यावरूनही अंदाज येतो.

मग हे बघा की लेन कुठून येतात. काही स्लॉट थेट प्रोसेसरला जोडलेले असतात, बाकीचे चिपसेटला, म्हणजे मदरबोर्डवरच्या इतर जोडण्या सांभाळणाऱ्या चिपला. चिपसेटवरच्या सगळ्या गोष्टी, म्हणजे सॅटा डिस्क, यूएसबी, मदरबोर्डवरचं नेटवर्क पोर्ट, एखादा एम-डॉट-२ स्लॉट (एसएसडीचा छोटा स्लॉट), मिळून प्रोसेसरकडे एकाच दुव्याने जातात. इंटेलच्या अनेक वर्षांच्या बोर्डांवर हा दुवा तिसऱ्या पिढीच्या एक्स-४ एवढाच, म्हणजे ३,९४० मेगाबाइटचा होता. दहा गिगाबिटच्या एका कार्डाला तो पुरतो. गर्दी होते ती एकाच दिशेला जाणाऱ्या कामांची. नेटवर्कवरून डेटा येतोय आणि त्याच वेळी चिपसेटवरचा एनव्हीएमई ड्राइव्ह (पीसीआय एक्सप्रेसवर चालणारा एसएसडी) जोरात वाचला जातोय, तर दोन्हींचा प्रवाह मेमरीकडे, म्हणजे एकाच दिशेने जातो. याउलट, ड्राइव्हवरून वाचून नेटवर्कवर पाठवताना दोन प्रवाह विरुद्ध दिशांना असतात आणि एकमेकांना अडवत नाहीत. चाचणीत नुसतं पाठवणं ठीक दिसतं आणि खऱ्या कामात वेग डगमगतो, तेव्हा हे आठवून बघा.

आणखी एक गोष्ट मॅन्युअलच्या तळटिपांमध्ये दडलेली असते: लेनची वाटणी. एम-डॉट-२ मध्ये ड्राइव्ह बसवला की अमुक स्लॉट बंद होतो, किंवा दुसऱ्या स्लॉटमध्ये काही लावलं की पहिला एक्स-१६ वरून एक्स-८ वर येतो. नेटवर्क कार्ड आधी नीट चालत होतं आणि नवा ड्राइव्ह बसवल्यावर मंदावलं किंवा दिसेनासंच झालं, तर आधी ही तळटीप वाचा.

## ७. बसवल्यावर प्रत्यक्ष लिंक तपासा

कागदावरचं झालं. आता यंत्राला विचारा.

लिनक्सवर एलएसपीसीआय ही आज्ञा दोनदा ‘व्ही’ या पर्यायासह आणि प्रशासकाच्या अधिकाराने चालवा. तुमच्या कार्डाच्या नोंदीत लिंक-कॅप आणि लिंक-स्टा अशा संक्षिप्त नावांच्या दोन ओळी सापडतील. पहिली सांगते कार्डाला काय झेपतं, दुसरी सांगते आत्ता काय चालू आहे. दोन्हींमध्ये वेग आणि रुंदी दिलेली असते. नव्या आवृत्त्यांमध्ये दुसरी ओळ कमी पडत असेल तर शेजारी ‘डाउनग्रेडेड’ असा शेराही येतो. अधिकाराशिवाय चालवली तर या ओळी दिसतच नाहीत, आणि लोकांना वाटतं की कार्ड माहिती देत नाही.

कर्नलच्या सुरुवातीच्या संदेशांमध्येही शोधा. अनेक ड्रायव्हर तिथे स्वतःहून लिहितात की उपलब्ध बँडविड्थ एवढी आहे, ती अमुक ठिकाणच्या लिंकमुळे मर्यादित झाली आहे, आणि कार्डाची कुवत एवढी आहे. हा संदेश फार उपयोगाचा, कारण तो वाटेतल्या सगळ्यात अरुंद जागेचा पत्ता देतो. ती जागा कार्डाजवळ असेलच असं नाही. मध्ये एखादा ब्रिज (दोन लिंक जोडणारी चिप) असेल आणि तोच जुन्या पिढीचा असेल, तर कार्डाची स्वतःची लिंक पूर्ण दिसूनही वेग कमी राहतो. चार पोर्टच्या जुन्या कार्डांवर असा ब्रिज कार्डातच असतो. एलएसपीसीआय ‘टी’ आणि ‘व्ही’ पर्यायांसह चालवलं की झाडासारखी मांडणी दिसते. मुळापर्यंतचा प्रत्येक टप्पा तपासा.

विंडोजवर पॉवरशेलमध्ये गेट-नेटअडॅप्टरहार्डवेअरइन्फो ही आज्ञा द्या. त्यात पीसीआय एक्सप्रेसचा चालू वेग आणि रुंदी यांचे स्वतंत्र रकाने येतात.

अपेक्षेपेक्षा रुंदी कमी दिसली, उदाहरणार्थ एक्स-८ ऐवजी एक्स-४ किंवा एक्स-१, तर यंत्र पूर्ण बंद करून वीज काढा, कार्ड बाहेर काढा, सोनेरी संपर्क स्वच्छ करा आणि नीट दाबून बसवा. काही संपर्क नीट जुळले नाहीत तर लिंक गुपचूप अरुंद होते, कुठलाही दोष दाखवत नाही. पिढी कमी दिसली तर बायॉसमध्ये त्या स्लॉटचा वेग कोणी हाताने कमी केलाय का, ते पाहा. रायझर केबल (कार्ड स्लॉटपासून दूर बसवण्याची केबल) वापरत असाल तर ती काढून थेट स्लॉटमध्ये चाचणी घ्या. तिसऱ्या पिढीसाठी बनवलेल्या रायझरवर चौथी पिढी भरवशाने चालत नाही.

## ८. वेग मोजा, पण फाइल कॉपी करून नाही

फाइल कॉपी केली की तुम्ही डिस्क मोजता. फिरती हार्ड डिस्क दीडशे ते अडीचशे मेगाबाइटच्या आसपास थांबते आणि सॅटा एसएसडी साडेपाचशेला, कारण सॅटाचीच मर्यादा ६०० ची आहे. दहा गिगाबिटच्या बसचा दोष त्यातून कधीच दिसणार नाही.

आयपर्फ-३ मेमरीतून मेमरीत पाठवतं, म्हणून तेच वापरा. आधी एक प्रवाह, मग चार समांतर प्रवाह, मग उलटी दिशा, मग दोन्ही दिशा एकदम. चारही आकडे लिहून ठेवा. सगळं ठीक असेल तर नेहमीच्या १,५०० बाइटच्या फ्रेमवर (नेटवर्कवर जाणाऱ्या डेटाच्या तुकड्यावर) गिगाबिटला ९४१ मेगाबिट आणि दहा गिगाबिटला ९.४१ गिगाबिट मिळतात. उरलेलं शीर्षकांमध्ये जातं, तो दोष नव्हे. फ्रेम ९,००० बाइटच्या केल्या तर ९.९ पर्यंत जाता येतं.

आकड्यांचा अर्थ असा लावा. एका प्रवाहाला पाच मिळाले आणि चार प्रवाहांना मिळून ९.४, तर बस निर्दोष आहे. एक प्रोसेसर कोअर किंवा टीसीपीची विंडो (पोच येण्याआधी किती डेटा पाठवायचा, ती मर्यादा) कमी पडते आहे. कितीही प्रवाह वाढवले तरी आकडा एकाच जागी, साडेसहा-सातला चिकटून राहिला, तर बस. दोन्ही दिशा एकदम चालवल्यावर प्रत्येकीचा वेग जवळपास निम्मा झाला, तर डेटा एखाद्या सामायिक जागेतून जातोय, म्हणजे जुनी पीसीआय किंवा यूएसबी २.

पंचवीस गिगाबिटच्या पुढे एक काळजी घ्या. आयपर्फ-३ च्या ३.१६ पूर्वीच्या आवृत्त्या सगळे समांतर प्रवाह एकाच थ्रेडवर, म्हणजे एका वेळी एकाच कोअरवर, चालवतात. तिथे आधी हे साधनच अडतं. नवी आवृत्ती घ्या, किंवा वेगवेगळ्या पोर्ट क्रमांकांवर अनेक प्रती चालवा.

## ९. छोटी पॅकेट, मेमरी आणि दोन प्रोसेसरची यंत्रं

मोठ्या फ्रेमवर वेग पूर्ण मिळतो आणि राउटर किंवा फायरवॉल म्हणून तेच यंत्र दमतं, असं होतं. दहा गिगाबिटवर पूर्ण आकाराच्या फ्रेम सेकंदाला सुमारे ८ लाख १३ हजार येतात. ६४ बाइटच्या सगळ्यात लहान फ्रेम आल्या तर १ कोटी ४८ लाख ८० हजार. डेटा तेवढाच किंवा कमी, पण बसवरचे व्यवहार अठरापट. प्रत्येक पॅकेटसाठी कार्डाला मेमरीतली नोंद वाचावी लागते, काम झाल्यावर परत लिहावी लागते, आणि ६४ बाइटवर २४ बाइटचं शीर्षक म्हणजे चौथा हिस्सा तिथेच गेला. त्यामुळे राउटर बांधणाऱ्यांनी ८० टक्क्यांच्या नियमावर विसंबू नये. गरजेच्या दुप्पट क्षमतेची लिंक ठेवावी.

मेमरीलाही हेच गणित लागू आहे. डीडीआर-४ ची ३,२०० वेगाची एक पट्टी ६४ बिट रुंद असते: ३,२०० गुणिले ८ बाइट, म्हणजे २५,६०० मेगाबाइट. येणारा प्रत्येक बाइट आधी मेमरीत लिहिला जातो, मग प्रोग्रामला देताना वाचून पुन्हा लिहिला जातो. दहा गिगाबिटला याने फरक पडत नाही, शंभरला पडतो. तिथे एकाच पट्टीवर यंत्र चालवू नका, सगळ्या चॅनेलमध्ये पट्ट्या भरा.

दोन प्रोसेसरच्या सर्व्हरमध्ये प्रत्येक स्लॉट कुठल्या तरी एका प्रोसेसरचा असतो. प्रोग्राम दुसऱ्या प्रोसेसरवर चालत असेल तर डेटाला मधला दुवा ओलांडावा लागतो. कार्ड आणि प्रोग्राम एकाच बाजूला ठेवा.

## १०. यूएसबी आणि वाय-फाय

यूएसबी २ चा वेग ४८० मेगाबिट, तोही एका वेळी एकाच दिशेने. त्यावर गिगाबिटचं अडॅप्टर लावलं तर तीनशेच्या आसपास मिळतात. रास्पबेरी पाय ३ बी प्लसवर गिगाबिट पोर्ट असून वेग ३०० मेगाबिटच्या घरात राहतो, कारण ते पोर्ट आतून यूएसबी २ वर आहे. पाय ४ मध्ये ही अडचण उरली नाही. यूएसबी ३ च्या ५ गिगाबिटमधून ४ उरतात, म्हणून अडीच गिगाबिटचं अडॅप्टर तिथे छान चालतं आणि पाच गिगाबिटचं पूर्ण वेग देत नाही. अडॅप्टर चुकून यूएसबी २ च्या पोर्टमध्ये किंवा जुन्या हबमध्ये लागलंय का, हे मात्र आधी बघा. लिनक्सवर एलएसयूएसबी ‘टी’ पर्यायासह चालवलं की चालू वेग दिसतो.

वाय-फायचं कार्ड बहुधा एकाच लेनवर असतं. वाय-फाय ६ ची दोन अँटेनांची, १६० मेगाहर्ट्झची जोडणी २,४०२ मेगाबिट दाखवते. दुसऱ्या पिढीच्या एका लेनवर ती सहज मावते, पहिल्या पिढीच्या लेनवर मात्र २,००० मेगाबिटच मिळतात. जुन्या लॅपटॉपमध्ये नवं कार्ड घालणाऱ्यांनी एवढं पाहून घ्यावं. हवेतला प्रत्यक्ष वेग दाखवलेल्या आकड्याच्या बराच खाली असतो, त्यामुळे इथे बसची अडचण क्वचितच जाणवते.

शेवटी खरेदीबद्दल. जुन्या यंत्रासाठी कार्ड निवडताना मी जास्त लेनचं, जुन्या पिढीचं कार्ड घेतो, कारण अशा बोर्डावर रुंद स्लॉट असतो आणि पिढी नसते. नव्या छोट्या बोर्डावर उलट: लेन मोजके आणि पिढी नवी, म्हणून तिथे कमी लेनवर चालणारं नव्या पिढीचं कार्डच घ्या. बसवून झाल्यावर चालू लिंकचा वेग, रुंदी आणि आयपर्फचे चार आकडे एका कागदावर लिहून पेटीच्या आतल्या बाजूला चिकटवा. बायॉस अद्ययावत केल्यावर किंवा नवा ड्राइव्ह बसवल्यावर तेच आकडे पुन्हा काढून ताडून पाहा.